सतराची सोळा अंकी चक्रीय संख्या वहीत बरोबर कशी काढायची आणि कशी तपासायची

१४२८५७ ही ७ ची चक्रीय संख्या, म्हणजे १ भागिले ७ केल्यावर दशांश चिन्हानंतर पुन्हा पुन्हा येणारे अंक, बहुतेकांना माहीत असते. २ ने गुणा, ३ ने गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने गोल फिरून येतात. मग कोणीतरी सांगतं की १७ ची पण अशीच संख्या आहे, सोळा अंकी, आणि लोक उत्साहाने वही काढून बसतात आणि अर्ध्या तासात अडकतात. मला दर महिन्याला वहीच्या पानांचे फोटो येतात, "सर हे फिरत नाहीये, कुठे चुकलं बघा ना", आणि खरं सांगतो दहातल्या आठ पानांवर चुका त्याच त्या असतात. एक तर सुरुवातीचं शून्य गायब असतं, किंवा बाक्या लिहिलेल्याच नसतात, किंवा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तपासलेलं असतं आणि कॅल्क्युलेटरने शेवटचा अंक गिळलेला असतो.

म्हणून हे सगळं एकदाच नीट क्रमाने लिहून ठेवतोय. संख्या ही आहे:

०५८८ २३५२ ९४११ ७६४७

पण ही इथून उतरवून घेऊ नका, स्वतः काढा. उतरवून घेतली तर फक्त अंक मिळतात आणि बाक्या मिळत नाहीत, आणि पुढचा सगळा खेळ बाक्यांवरच चालतो.

तयारी

चौकटीची वही घ्या, साध्या रेघांची नको. एका चौकटीत एकच अंक. सोळा अंकांचे सोळा गुणाकार एकाखाली एक येणार आहेत, त्यामुळे उभ्या रांगा सरळ राहिल्या नाहीत तर चूक शोधणं अशक्य होऊन बसतं. पेन नको, पेन्सिल.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात १७ चा पाढा नऊपर्यंत लिहून ठेवा: १७, ३४, ५१, ६८, ८५, १०२, ११९, १३६, १५३. पाठ असला तरी लिहा. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत सगळ्यांची गाडी सुरळीत असते, त्यापुढे ११९ आणि १३६ मध्ये घोळ होतो आणि भागाकार करताना तो लक्षातही येत नाही.

मग चार उभे रकाने आखा: जुनी बाकी, शून्य लावून झालेला आकडा, भाग, नवी बाकी. शाळेतल्यासारखा पायऱ्या उतरत जाणारा भागाकार करू नका. त्यात बाक्या इकडेतिकडे विखुरतात, आणि आपल्याला त्या एका रांगेत हव्या आहेत.

पायरी १: आधी ७ वर हात बसवा

पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका. १ भागिले ७ करा. १ ला शून्य लावून १०, सात एके सात, भाग १, बाकी ३. मग ३० ला भाग ४, बाकी २. २० ला भाग २, बाकी ६. ६० ला भाग ८, बाकी ४. ४० ला भाग ५, बाकी ५. ५० ला भाग ७, बाकी १. बाकी १ परत आली की थांबायचं, कारण आपण निघालोच १ पासून होतो आणि इथून पुढे सगळं तेच तेच येणार.

भागाच्या रकान्यात १४२८५७ आहे आणि बाक्या १, ३, २, ६, ४, ५.

सावधान: ७ वर सराव केल्याने एक चुकीची सवयही लागते. १४२८५७ ची सुरुवात १ ने होते, पुढे शून्य नाही, त्यामुळे शून्याचं काय करायचं हा प्रश्नच तिथे येत नाही. १७ ला तो पहिल्याच ओळीत येतो.

पायरी २: १ भागिले १७

आता मुख्य काम. प्रत्येक ओळीत चारही रकाने भरल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही.

१ → १० → भाग ०, बाकी १०
१० → १०० → भाग ५, बाकी १५
१५ → १५० → भाग ८, बाकी १४
१४ → १४० → भाग ८, बाकी ४
४ → ४० → भाग २, बाकी ६
६ → ६० → भाग ३, बाकी ९
९ → ९० → भाग ५, बाकी ५
५ → ५० → भाग २, बाकी १६
१६ → १६० → भाग ९, बाकी ७
७ → ७० → भाग ४, बाकी २
२ → २० → भाग १, बाकी ३
३ → ३० → भाग १, बाकी १३
१३ → १३० → भाग ७, बाकी ११
११ → ११० → भाग ६, बाकी ८
८ → ८० → भाग ४, बाकी १२
१२ → १२० → भाग ७, बाकी १

बाकी १ आली, थांबा. सोळा ओळी झाल्या पाहिजेत.

सगळ्यात जास्त माणसं पहिल्याच ओळीवर घसरतात. १० मध्ये १७ जात नाही, मग आपण हातासरशी आणखी एक शून्य लावून १०० करतो आणि भाग ५ लिहून मोकळे होतो. दशांश चिन्हानंतर प्रत्येक शून्याला एक भाग लिहावाच लागतो, जात नसेल तर ० लिहायचं. ते ० हा या संख्येचा पहिला अंक आहे, पूर्ण हक्काचा. एरवी ५ च्या डावीकडचं शून्य आपण सोडून देतो, पण इथे सोळा जागा आहेत आणि एक जागा शून्याची आहे.

दुसरी चूक म्हणजे बाकी १७ किंवा त्याहून मोठी ठेवून पुढे जाणं. १५० ला भाग ७ लावला तर बाकी ३१ उरते, ती चालत नाही. हे ऐकायला अगदी प्राथमिक वाटतं, पण १५० आणि १६० या दोन ओळींवर ते फार वेळा होतं, कारण पाढ्यात १३६ आणि १५३ च्या आसपास डोकं अडखळतं.

ओळीगणिक तपासा: नव्या बाकीला ७ ने गुणा आणि एककाचा अंक बघा, तोच त्या ओळीचा भाग असला पाहिजे. उदाहरणार्थ बाकी १५, १५ गुणिले ७ म्हणजे १०५, एकक ५, भाग ५. बाकी १४, ९८, एकक ८, भाग ८. बाकी १६, ११२, एकक २, भाग २. पहिल्या ओळीतसुद्धा बाकी १०, ७०, एकक ०, म्हणजे ते शून्य बरोबर आहे. हे सतरालाच लागू आहे, १९ किंवा २३ ला हा ७ चालणार नाही. दोन सेकंदात होते ही तपासणी, प्रत्येक ओळीवर करा.

पुढे जायच्या आधी चार तपासण्या

या चार झाल्याशिवाय गुणाकाराला हात लावू नका. चुकीच्या संख्येचे सोळा गुणाकार करणं म्हणजे एक अख्खी संध्याकाळ वाया जाणं.

पहिली: बाक्यांच्या रकान्यात १ ते १६ सगळे आकडे एकदा आणि एकदाच आलेत का? एखादा दोनदा आला असेल तर तिथे चूक आहे.

दुसरी: संख्या मधोमध तोडा. ०५८८२३५२ आणि ९४११७६४७. बेरीज ९९९९९९९९ आली पाहिजे, आठ नऊ. प्रत्यक्षात बेरीज करायचीही गरज नाही, वरखाली लिहून प्रत्येक जोडी ९ होते का बघा: ० आणि ९, ५ आणि ४, ८ आणि १, ८ आणि १, २ आणि ७, ३ आणि ६, ५ आणि ४, २ आणि ७. शून्य सोडलेलं असेल तर इथे लगेच कळतं, कारण पंधरा अंकांचे दोन सारखे भाग होतच नाहीत. डावीकडून आठ अंक मोजून ५८८२३५२९ आणि ४११७६४७ असे तुकडे करून त्यांची बेरीज करणारे बरेच आहेत, ती येते ६२९४११७६ आणि मग वाटतं की नियमच खोटा आहे.

तिसरी: चार चार अंकांचे गट करून बेरीज. ५८८ + २३५२ + ९४११ + ७६४७ = १९९९८, म्हणजे ९९९९ ची दुप्पट. दोन दोनचे गट केले तर ५, ८८, २३, ५२, ९४, ११, ७६, ४७ यांची बेरीज ३९६, म्हणजे ९९ ची चौपट.

चौथी: सगळ्या अंकांची बेरीज ७२.

दुसरी तपासणी नीट समजून घेतली तर अर्धं काम वाचतं. आठव्या ओळीला बाकी १६ येते, म्हणजे १७ ला एक कमी. त्याच्या पुढच्या बाक्या वरच्या बाक्यांना १७ मधून वजा करून मिळतात: १० ला ७, १५ ला २, १४ ला ३, ४ ला १३ असं. आणि अंक ९ मधून वजा करून. म्हणजे आठ ओळी नीट केल्या की उरलेल्या आठ अशाच लिहिता येतात. पण पहिल्या वेळी पूर्ण सोळा करा, मग दुसऱ्या वेळी ही सोय वापरा. पहिल्याच वेळी सोय वापरली तर तपासायला हातात काहीच उरत नाही.

पायरी ३: गोल काढा, बाक्या आत

पानावर वाटी ठेवून मोठा गोल काढा, त्यावर घड्याळाच्या दिशेने सोळा खुणा. प्रत्येक खुणेच्या बाहेर अंक, आत त्याच ओळीची जुनी बाकी. जुनी, नवी नाही. म्हणजे पहिल्या ० च्या आत १, मग ५ च्या आत १०, ८ च्या आत १५, पुढच्या ८ च्या आत १४, २ च्या आत ४.

नवी बाकी लिहिली की सगळं एका घराने सरकतं आणि पुढच्या पायरीत प्रत्येक उत्तर एका जागेने चुकतं. इथे गडबड झालीय का ते बघायची सोपी खूण म्हणजे पहिल्या शून्याच्या आत १ असलाच पाहिजे. तिथे १० दिसला तर सगळे खोडून पुन्हा लिहा.

काही अंक दोनदा येतात, ८ दोन आहेत, ७ दोन, ५ दोन, १ दोन, २ दोन, ४ दोन. त्यामुळे नुसत्या अंकावरून "आता ४ पासून सुरू" असं सांगता येत नाही, कुठला ४? बाकी मात्र प्रत्येक घराची वेगळी, जणू घर नंबर. १४२८५७ मध्ये सहाही अंक वेगळे असल्यामुळे तिथे बाकी न लिहिता भागतं, इथे भागत नाही.

पायरी ४: आधी भाकीत, मग गुणाकार

क्रम हाच ठेवा. आधी गोलावरून उत्तर लिहायचं आणि मग गुणाकार करून पडताळायचं. उलटं केलं तर गुणाकारात हातचा चुकला तरी आपण चुकीच्या उत्तरात फिरलेले अंक शोधत बसतो.

भाकीत असं करायचं. २ ने गुणायचं असेल तर आत २ लिहिलेलं घर शोधा, तिथून सुरू करून गोल वाचा: ११७६४७०५८८२३५२९४. तीनसाठी आत ३ असलेलं घर: १७६४७०५८८२३५२९४१. चारसाठी: २३५२९४११७६४७०५८८. असं का होतं हे एका वाक्यात सांगायचं तर, २ ने गुणणं म्हणजे १/१७ ऐवजी २/१७ चा दशांश काढणं, आणि तो भागाकार बाकी २ पासून सुरू होतो, आणि बाकी २ तर आपल्या रांगेत मध्येच कुठेतरी बसलेलीच आहे, तिथून पुढे सगळ्या ओळी त्याच.

आता पडताळा. ७ ने गुणून दाखवतो, कारण त्यात हातचे भरपूर आहेत. उजवीकडून सुरू. सात साते एकोणपन्नास, ९ लिहिला हातचे ४. चार साते अठ्ठावीस आणि ४ बत्तीस, २ लिहिला हातचे ३. सहा साते बेचाळीस आणि ३ पंचेचाळीस, ५ हातचे ४. सात साते एकोणपन्नास आणि ४ त्रेपन्न, ३ हातचे ५. एक साते सात आणि ५ बारा, २ हातचा १. पुन्हा १, सात आणि १ आठ, हातचा काही नाही. असं करत डावीकडे जात राहा. शेवटून दुसरा अंक ५, पाच साते पस्तीस आणि हातचे ६, एक्केचाळीस, १ लिहिला हातचे ४. आणि आता शून्य. शून्य साते शून्य, अधिक हातचे ४, चार लिहिले. उत्तर ४११७६४७०५८८२३५२९. गोलावर आत ७ असलेल्या घरापासून वाचा, तेच आहे.

तो शेवटचा ४ बघा, तो शून्याच्या घरात बसलाय. गुणाकार करताना हातचा ठेवायला जागा लागते आणि ती जागा त्या शून्याने राखून ठेवलेली असते. रविवारी आमच्याकडे गणिताला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीने मला हे याहून सोप्या रीतीने दाखवलं. ती म्हणाली, दहाने गुणलं तर काय येतं बघा. दहाने गुणायचं म्हणजे शेवटी शून्य लावायचं, ५८८२३५२९४११७६४७०. आत १० असलेलं घर म्हणजे ५ चं घर, तिथून गोल वाचत आलो की सगळ्यात शेवटी ते सुरुवातीचंच शून्य येतं. आपण बाहेरून आणून लावलेलं शून्य आणि संख्येतलं शून्य एकच. तेव्हापासून शून्य सोडणाऱ्यांना मी पहिला गुणाकार १० चाच करायला सांगतो.

तपासा: प्रत्येक गुणाकाराच्या अंकांची बेरीज पुन्हा ७२ आली पाहिजे. पण फक्त यावर विसंबू नका, दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज ७२ च राहते. गोलाशी अंक न् अंक जुळवा.

पायरी ५: सोळाही ओळी एकाखाली एक

१ ते १६ सगळे गुणाकार चौकटीत एकाखाली एक लिहा. पहिली ओळ शून्यासकट, ती १६ चौकटींची असली पाहिजे. शेवटची, १६ ची ओळ, ९४११७६४७०५८८२३५२.

आडवी बेरीज प्रत्येक ओळीत ७२. आता उभी करून बघा, प्रत्येक उभ्या रांगेची बेरीजही ७२. यामागे कारण आहे, प्रत्येक उभ्या रांगेत सोळाही बाक्या एकेकदा येऊन जातात, म्हणजे तेच सोळा अंक वेगळ्या क्रमाने. या उभ्या बेरजेचा मोठा उपयोग असा की कुठल्याही ओळीत अंक चुकला तर आडवी बेरीज ओळ सांगते आणि उभी बेरीज जागा सांगते, चूक चौकटीपर्यंत पकडता येते. दोन्ही फरक सारखे आले तर तो एकच अंक चुकलाय, म्हणजे ओळ ११ मध्ये ७२ ऐवजी ७५ आणि रांग ६ मध्येही ७५ असेल तर अकराव्या ओळीतला सहावा अंक ३ ने जास्त लिहिला गेलाय.

कर्णाची बेरीज ७२ येईल असं धरून बसू नका. कर्णसुद्धा जुळतो तो १९ चा अठरा गुणिले अठराचा चौकोन, तिथे आडवी उभी आणि दोन्ही कर्ण सगळीकडे ८१ येतात.

पायरी ६: १७ आणि त्यापुढे

१७ ने गुणा, ९९९९९९९९९९९९९९९९, सोळा नऊ. ही सगळ्यात कडक तपासणी आहे. एकसुद्धा अंक चुकला असेल तर नऊंची रांग तुटते.

१८ ने गुणलं की १०५८८२३५२९४११७६४६ येतं आणि इथे लोक म्हणतात खेळ संपला. संपत नाही. उत्तर सतरा अंकी झालंय, म्हणून उजवीकडून सोळा अंक मोजून तोडा, डावीकडे उरलेला १ उजव्या भागात मिळवा: ०५८८२३५२९४११७६४६ + १ = ०५८८२३५२९४११७६४७. पुन्हा मूळ संख्या. २५ ने गुणलं तर १४७०५८८२३५२९४११७५, तोडून १ मिळवला की ४७०५८८२३५२९४११७६, ही ८ ची ओळ, कारण २५ मधून १७ गेले ८.

सावधान: तोडायचं नेहमी उजवीकडून सोळा मोजून. डावीकडून मोजलं की उत्तर बिघडतं.

कॉम्प्युटरवर तपासताना

वहीत सगळं बरोबर असून लोक इथे हरतात, म्हणून वेगळं लिहितोय. एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच आकडा धरून ठेवतं, सोळावा अंक शून्य करून टाकतं. त्यात ५८८२३५२९४११७६४७ गुणिले २ केलं तर शेवटचा ४ जाऊन तिथे ० दिसतो आणि वाटतं की वहीतलं चुकलं. सेल टेक्स्ट केला तर सोळा अंक आणि सुरुवातीचं शून्य दोन्ही टिकतं, पण मग ते फक्त लिहून ठेवण्यापुरतं, गुणाकार त्यावर भरवशाचा नाही. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट १७ चा गुणाकार सोळा नऊ न दाखवता थेट १ वर सोळा शून्यं दाखवते. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बारा किंवा पंधरा अंकांनंतर काय होतं ते आधी सोळा नऊ टाइप करून, त्यातून १ वजा करून बघा. शेवटी ८ दिसला नाही तर तो या कामाचा नाही.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा असला तरी नेमका राहतो, त्यात तपासा. फक्त तिथे संख्या शून्याने सुरू करून लिहू नका, एरर येतो. शून्याशिवाय लिहा आणि उत्तर छापताना डावीकडे शून्य भरून सोळा जागा करून घ्या.

पायरी ७: वर्ग करून तोडणे

हे ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी, पण मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या नावाने कापरेकर संख्या ओळखल्या जातात: संख्येचा वर्ग करा, तोडा, दोन तुकडे मिळवा, मूळ संख्या परत. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. १४२८५७ ही पण कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज १४२८५७.

इथली चूक एकच आणि ती जवळजवळ सगळे करतात, वर्गाचे मधोमध दोन तुकडे करायला जातात. वर्ग अकरा अंकी आहे, मधोमध होतच नाही, मग कोणी डावीकडून सहा घेऊन २०४०८१ आणि २२४४९ करतं. मूळ संख्या सहा अंकी, म्हणून उजव्या तुकड्यात सहा अंक, डावीकडे जे उरेल ते.

मग १७ ची संख्या? सरळ वर्ग करून तोडली तर जमत नाही. हे वर्ग न करताही आधी कळतं. १४२८५७ ला ७ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून तिचं जमतं. ०५८८२३५२९४११७६४७ ला १७ ने भागा, बाकी ८ उरते, १ नाही. आता असा आकडा शोधा ज्याला ८ ने गुणून १७ ने भागलं की बाकी १ येईल. पंधरा आठे एकशे वीस, १७ गुणिले ७ म्हणजे ११९, बाकी १. म्हणजे पंधराची ओळ बघायची: ८८२३५२९४११७६४७०५.

हिचा वर्ग बत्तीस अंकी आहे, उजवीकडून सोळा मोजून तोडला की तुकडे येतात ७७८५४६७१२८०२७६८० आणि १०३८०६२२८३७३७०२५. चार चारचे गट पाडून यांची बेरीज हाताने करा: ७६८० आणि ७०२५ मिळून ४७०५ हातचा १, २८०२ आणि ८३७३ आणि १ मिळून ११७६ हातचा १, ४६७१ आणि ६२२ आणि १ मिळून ५२९४, ७७८५ आणि १०३८ मिळून ८८२३. वाचा सलग.

पुढची संख्या निवडताना

कुठलीही मूळ संख्या, म्हणजे फक्त १ ने आणि स्वतःने भाग जाणारी (प्राइम), घेऊन चालत नाही. १३ घेतला तर ०७६९२३ वर सहा ओळीतच बाकी १ परत येते, बारापैकी सहाच बाक्या येतात. त्यामुळे २ ने गुणलं की १५३८४६ असं दुसरंच चक्र निघतं, आणि लोकांना वाटतं आपला भागाकार चुकला. भागाकार बरोबर आहे, १३ तसाच आहे. शंभरच्या आत पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या नऊच आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७.

१७ नंतर १९ घ्या, अठरा अंक, ०५२६३१५७८९४७३६८४२१. ही उजवीकडून डावीकडे नुसती दुप्पट करत पण लिहिता येते, १ लिहा, मग २, ४, ८, मग १६ चे ६ आणि हातचा १, सहाची दुप्पट बारा आणि १ तेरा, ३ हातचा १, असं अठरा अंक होईपर्यंत. भागाकाराशी जुळवून बघा.

२३ ला बावीस अंक आहेत, ०४३४७८२६०८६९५६५२१७३९१३, आणि तिथे शून्य सुरुवातीलाच नाही तर मध्येही येतं, ६ आणि ८ च्या मध्ये. बाकी २ आहे, शून्य लावून २० झाले, २३ जात नाही, भाग ०, बाकी २०. ती ओळ स्वतंत्र लिहा, नाहीतर अंक एकवीसच भरतील.